अट खोटी ठरली तर काय? दोन डिरेक्टरींमधल्या सिंकचा अनुभव

मध्य मुंबईतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये मी सिस्टीम ॲडमिन आहे. या वर्षी माझ्याकडे आलेलं सगळ्यात महत्त्वाचं काम बाहेरच्या माणसाला दिसणारही नाही असं होतं, म्हणजे एका डिरेक्टरी सर्व्हरवरून (डिरेक्टरी म्हणजे स्टाफची नावं, नंबर, लॉगिन यांची वहीच समजा) दुसऱ्यावर स्टाफची माहिती पाठवायची, यालाच सिंक म्हणतात, पण सरसकट नाही, अटी लावून. कुठल्या माणसाचं काय जाणार, कधी जाणार, आणि अट बसली नाही तर पलीकडे आधीच जे लिहिलेलं आहे त्याचं काय होणार. या शेवटच्या प्रश्नासाठीच मी हे लिहायला घेतलंय, कारण "अट खरी असेल तर हे कर" एवढं सगळीकडे सापडतं, खोटी असेल तेव्हाचं कोणी फारसं बोलत नाही आणि खरं डोकं तिथेच लागतं.

आमच्याकडे कसं आहे ते आधी सांगते. एक ओपनएलडॅप नावाची ओपन सोर्स डिरेक्टरी आहे लिनक्सवर (एलडॅप म्हणजे डिरेक्टरीशी बोलायची ठरलेली पद्धत), त्यात एचआरच्या सॉफ्टवेअरमधून रोज रात्री सगळा स्टाफ येतो, अगदी मोठ्या डॉक्टरांपासून वॉर्डातल्या मामा-मावशींपर्यंत. दुसरी मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे आम्ही बोलताना एडी म्हणतो ती, तिच्यावर ओपीडी, बिलिंग, नर्सिंग स्टेशन सगळीकडचे विंडोज पीसी लॉगिन होतात आणि आउटलुकमध्ये जी ॲड्रेस बुक दिसते ती पण तिथलीच. या दोघांच्या मध्ये वर्षानुवर्षं एक जुनी स्क्रिप्ट चालत होती, आमच्या कोणाच्याही आधीच्या काळातली, आणि ती जे दिसेल ते इकडून तिकडे कॉपी करायची. नाव, पद, विभाग, टेलिफोन, मोबाइल, सगळं.

मोबाइलवरूनच सगळं सुरू झालं. मेट्रन मॅडम एक दिवस थेट आमच्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "अगं, माझ्या मुलींचे घरचे नंबर सगळ्या हॉस्पिटलला दिसतायत. नाइट करून बिचारी सकाळी झोपलेली असते आणि स्टोअरमधून फोन येतो, सिस्टर, ते इंडेंट कुठे ठेवलंय म्हणून. आणि नको तिथून पण फोन येतात, ते मी तुला सांगत नाही." त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. भरतीच्या फॉर्मवर नंबर लिहिला तो पगाराच्या कामासाठी, तो दोन सर्व्हर ओलांडून प्रत्येकाच्या आउटलुकमध्ये पोचावा असं कोणी कधी विचारलंच नव्हतं. नुसता मोबाइलचा कॉलम बंद करणं पाच मिनिटांचं काम होतं, पण ते चाललं नसतं, कारण ऑनकॉल डॉक्टरांचे आणि ओटी इन्चार्ज सिस्टरचे नंबर दिसणं रात्री-अपरात्री खरंच गरजेचं असतं. म्हणजे अट आलीच.

टूल म्हणून आम्ही एलएससी घेतलं, एलडॅप सिंक्रोनायझेशन कनेक्टर. ओपन सोर्स आहे, जावावर चालतं, आणि सगळी मांडणी एका एक्सएमएल फाइलमध्ये असते. मला ते आवडलं याचं कारण असं की प्रत्येक ॲट्रिब्यूटसाठी, म्हणजे नोंदीतल्या एकेका रकान्यासाठी, वेगळा नियम देता येतो आणि नियमात छोटं जावास्क्रिप्ट लिहिता येतं, ज्यात सोर्सची नोंद (माहिती जिथून येते ती, इथे ओपनएलडॅप) आणि डेस्टिनेशनची नोंद (जिथे जाते ती, इथे एडी) अशा दोन्ही हाताशी असतात. शिवाय नोंद तयार करायची का, बदलायची का, उडवायची का, यांच्याही अटी वेगवेगळ्या लिहिता येतात. ॲट्रिब्यूटसाठी पॉलिसी तीन. फोर्स म्हणजे सोर्स सांगेल तेच खरं, कीप म्हणजे पलीकडे काही असेल तर त्याला हात लावायचा नाही, आणि मर्ज म्हणजे दोन्हीकडच्या व्हॅल्यू एकत्र. त्याच्या जोडीला फोर्स व्हॅल्यू, डिफॉल्ट व्हॅल्यू आणि क्रिएट व्हॅल्यू असे तीन प्रकार, यातला क्रिएट व्हॅल्यू फक्त खातं पहिल्यांदा बनताना लागू होतो. एवढं नीट समजलं की बाकीचं काम कॉम्प्युटरसमोर नसतं, माणसांसमोर असतं.

म्हणून मी फाइल उघडायच्या आधी एक्सेलची शीट केली आणि एचआरच्या मॅडम, मेट्रन मॅडम आणि टेलिफोन बोर्डवरचे ऑपरेटर काका यांना एकत्र बसवलं. प्रत्येक ओळीत एक ॲट्रिब्यूट. पहिला कॉलम, याचा मालक कोण. दुसरा, कुठल्या अटीवर जाईल. तिसरा, अट बसली नाही तर पलीकडचं पुसायचं की आहे तसं ठेवायचं. चौथा, सोर्समध्ये ती जागा रिकामीच असेल तर काय. आणि अट साध्या मराठी वाक्यात लिहायची, कोड नाही, म्हणजे वाचून मेट्रन मॅडमना हो किंवा नाही म्हणता आलं पाहिजे. या मीटिंगला सगळ्यात जास्त वेळ तिसऱ्या कॉलमने खाल्ला, आणि खायलाच हवा होता.

कारण बघा, मोबाइल आणि एक्स्टेंशन हे दोन्ही फोन नंबरच, पण त्यांचं "नाहीतर" अगदी उलटं निघालं.

मोबाइलचं वाक्य असं ठरलं: हॉस्पिटलने दिलेला ऑनकॉल नंबर असेल तर तो दाखवा, नसेल तर स्वतःचा नंबर फक्त त्या व्यक्तीने संमती दिली असेल तरच दाखवा, बाकी कोणाचाही काही दाखवू नका. इथे "दाखवू नका" म्हणजे पलीकडे जुना नंबर पडलेला असेल तर तो पुसला गेलाच पाहिजे. मला वाटतं भरपूर ठिकाणी हेच निसटत असेल. अट खोटी ठरल्यावर नियम नुसता गप्प बसला तर नवीन नंबर जाणार नाही, ते ठीक, पण आधी गेलेला तिथेच राहील, आणि मेट्रन मॅडमची सगळी तक्रार तर आधी गेलेल्या नंबरांचीच होती. म्हणून मोबाइलला फोर्स पॉलिसी, आणि अट बसत नसेल तर नियमाने रिकामी यादी परत द्यायची, म्हणजे एडीमधून ते ॲट्रिब्यूटच निघून जातं. संमतीचा रकाना कोरा असेल तर त्याचा अर्थ नाही असाच धरायचा, यावर मी अडून बसले होते आणि एचआरच्या मॅडमनी पण लगेच मान्य केलं. २०२३ सालच्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात दिलेली संमती मागे घेणं हे देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे असं म्हटलंय, आणि आपल्याकडे ते सोपं करायचं तर संमतीची टिक काढली की नंबर आपोआप पुसला जायला हवा, कोणाला अर्ज-विनंत्या करायला लागता कामा नयेत. एक गोष्ट मात्र मेट्रन मॅडमना आधीच सांगून ठेवली, की आउटलुक आपल्या पीसीवर ॲड्रेस बुकची कॉपी ठेवतं आणि ती सहसा दिवसातून एकदाच ताजी होते, त्यामुळे सर्व्हरवरून नंबर गेला तरी एखाद्याच्या स्क्रीनवर तो दुसऱ्या दिवशीपर्यंत दिसू शकतो.

मोबाइलच्या नियमात अजून एक गाठ होती. ओपनएलडॅपमध्ये मोबाइल हे मल्टिव्हॅल्यू ॲट्रिब्यूट आहे, एका माणसाला दोन-तीन नंबर असू शकतात, आणि एडीमध्ये ते सिंगल. दोन पाठवले तर एडी घेत नाही, सरळ नाकारते. मग पहिला पाठवू असं कोणीही म्हणेल, पण एलडॅपमध्ये एका ॲट्रिब्यूटच्या व्हॅल्यूंना क्रमच नसतो, तो एक संच आहे, आज जो पहिला आला तोच उद्या पहिला येईल याची हमी कोणी देत नाही. काही सीनियर डॉक्टरांच्या नोंदीत स्वतःचा आणि हॉस्पिटलचा असे दोन्ही नंबर एकाच ॲट्रिब्यूटमध्ये होते. म्हणजे "पहिला घे" लिहिलं असतं तर डॉक्टरांचा घरचा नंबर जायचा की ऑनकॉलचा हे नशिबावर सोडल्यासारखं झालं असतं. त्यावर उपाय कोडमध्ये शोधण्यात अर्थ नव्हता, आम्ही एचआरकडूनच ऑनकॉल नंबर वेगळ्या ॲट्रिब्यूटमध्ये मागून घेतला. त्यांना त्यासाठी एक रकाना वाढवावा लागला, थोडी कुरकुर झाली, पण केला त्यांनी.

आता एक्स्टेंशन. एचआरच्या सिस्टीममध्ये एक्स्टेंशन म्हणून जे येतं तो त्या विभागाचा मुख्य नंबर असतो, आणि माणसाच्या टेबलावरचा खरा नंबर ऑपरेटर काका स्वतः एडीमध्ये भरतात. काकांनी मीटिंगमध्ये पहिल्याच मिनिटाला सांगितलं, "मॅडम, मी दिवसा भरतो आणि रात्री कोणीतरी पुसतं. किती वर्षं चाललंय हे." ते पुसणारं कोणीतरी म्हणजे ती जुनी स्क्रिप्ट. म्हणजे इथे मालक एडी आणि सोर्स नुसता तात्पुरता आधार. नुसतं कीप लावलं तर अर्धं काम होतं, काकांचा नंबर सुरक्षित राहतो, पण माणसाची बदली झाली की जुन्या विभागाचा टेबल नंबर त्याला चिकटून राहतो आणि कॅज्युअल्टीत गेलेल्या सिस्टरसाठी केलेला फोन मॅटर्निटी वॉर्डात वाजतो, जे हॉस्पिटलमध्ये चालत नाही.

तर वाक्य असं केलं: सोर्समधला विभागाचा कोड आणि एडीमधला विभागाचा कोड सारखा असेल आणि एडीमध्ये एक्स्टेंशन भरलेलं असेल तर ते तसंच ठेवा, नाहीतर सोर्सचा मुख्य नंबर घाला. हा नियम चालतो याचं कारण नियम चालतेवेळी डेस्टिनेशनची जी नोंद हातात असते ती बदलाच्या आधीची असते, म्हणजे त्याच फेरीत विभागाचा कोड बदलणार असला तरी तुलना जुन्या कोडशीच होते. बदलीच्या रात्री कोड वेगळे निघतात, मुख्य नंबर बसतो, पुढच्या फेरीला कोड सारखे झालेले असतात, आणि मग काका जो टेबल नंबर भरतील तो टिकतो. "आणि भरलेलं असेल" हा तुकडा पण लागतोच, नाहीतर एकदा रिकामं राहिलेलं एक्स्टेंशन कायमचं रिकामं राहील. अजून एक, नवीन खातं बनताना डेस्टिनेशनची नोंद मुळात नसतेच, ती नल असते, म्हणून डेस्टिनेशनला हात लावणाऱ्या प्रत्येक नियमात ती तपासणी सगळ्यात आधी यायला हवी.

असे नियम एक्सएमएलमध्ये लिहिताना "आणि" साठी दोन & चिन्हं लागतात आणि एक्सएमएलला ती तशी चालत नाहीत. एकतर ती एस्केप करून, म्हणजे बदली खुणेने, लिहायची किंवा सगळा नियम सीडेटाच्या कंसात टाकायचा, म्हणजे आतलं सगळं जसंच्या तसं घेतलं जातं. एलडॅप फिल्टरमधल्या (शोधाच्या अटीतल्या) & चंही तेच. मी सरसकट सीडेटा वापरलं, सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला निदान अट अटीसारखी दिसते.

लॉगिन नावाचं पण मजेशीर आहे, म्हणजे मला तरी ते काम करायला फार आवडलं. एडीमधलं जुन्या पद्धतीचं लॉगिन नाव, सॅमअकाउंटनेम, २० अक्षरांच्या वर जात नाही. आपल्याकडची नावं घ्या, ज्ञानेश्वर डॉट क्षीरसागर हे इंग्रजी अक्षरांत लिहिलं की २२ होतात. मग नियम असा, नाव-आडनाव मिळून २० च्या आत असेल तर ते पूर्ण, नाहीतर पहिलं अक्षर आणि आडनाव. पण हे फक्त क्रिएट व्हॅल्यू म्हणून, कारण लॉगिन नाव एकदा दिलं की दिलं. लग्नानंतर एखाद्या सिस्टरने आडनाव बदललं तर ॲड्रेस बुकमधलं दिसणारं नाव बदलायला हवं, पण सोमवारी सकाळी ड्यूटीवर येऊन तिने नेहमीचं लॉगिन टाकलं तर ते चालायलाच हवं. आणि याच कारणासाठी दोन्हीकडची नोंद जुळवायला ईमेल किंवा नाव वापरायचं नाही, एम्प्लॉयी नंबरच वापरायचा. एस. पाटील आमच्याकडे किती आहेत ते एचआरलाच माहीत. एम्प्लॉयी नंबरमध्ये पण एकदा एक्सेलमधून गेलेल्या नोंदींचे सुरुवातीचे शून्य गळून पडलेले होते, ००४५२ चा ४५२ झालेला, आणि डिरेक्टरीच्या दृष्टीने ते दोन वेगळे माणूस. जुळणीच्या आधी ते सगळे साफ करून घेतले. हे कंटाळवाणं काम आहे पण टाळता येत नाही.

खातं बनवायचं की नाही याची अट सोपी होती. मामा-मावशी एचआरमध्ये असतात पण त्यांना पीसीवर लॉगिन लागत नाही, म्हणून पदाच्या यादीत ज्यांना कॉम्प्युटर लागतो असं लिहिलंय त्यांचंच खातं. पुढे एखाद्या मावशी रेकॉर्ड रूमला गेल्या की पद बदलतं आणि त्याच रात्री खातं तयार होतं. नवीन खात्याचा पासवर्ड एडी फक्त एन्क्रिप्टेड कनेक्शनवरच स्वीकारते, आम्ही ६३६ पोर्टवरून एलडॅप्स वापरतो, सर्टिफिकेट जावाच्या स्टोअरमध्ये घालून ठेवलं की झालं.

काँट्रॅक्टवरच्या स्टाफची तारीख मात्र सावकाश बघण्यासारखी आहे. काँट्रॅक्ट ३१ मार्चला संपत असेल तर एडीमध्ये अकाउंट एक्सपायर्स नावाच्या ॲट्रिब्यूटमध्ये एक मोठा आकडा लिहावा लागतो. तो आकडा म्हणजे १ जानेवारी १६०१ पासून त्या क्षणापर्यंत किती वेळ गेला, १०० नॅनोसेकंदांच्या तुकड्यांत. एका सेकंदात असे १ कोटी तुकडे. म्हणजे युनिक्सचे सेकंद (१ जानेवारी १९७० पासून मोजलेले) घ्यायचे, त्यात ११६४४४७३६०० मिळवायचे, आणि १ कोटीने गुणायचं. पण कुठल्या क्षणाचे सेकंद? सर्व्हर यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, मोजतो आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. ३१ मार्चच्या यूटीसी मध्यरात्रीचा आकडा घातला तर खातं आपल्याकडे ३१ तारखेला पहाटे साडेपाचला बंद, म्हणजे शेवटचा दिवस अख्खा हातचा गेला. ३१ मार्च संपेपर्यंत चालायला हवं असेल तर १ एप्रिलच्या आपल्या मध्यरात्रीचा क्षण हवा, जो यूटीसीत ३१ मार्चचे संध्याकाळचे साडेसहा आहे. २०२५ सालचं धरलं तर तो आकडा १३३८७९१९४००००००००० येतो, मी हाताने काढून नियमाने दिलेल्याशी ताडून बघितला.

आणि त्यावर हॉस्पिटलची आपली अट. नाइटची सिस्टर ३१ च्या रात्री ड्यूटीवर चढते आणि सकाळी सातनंतर हँडओव्हर देऊन उतरते. बारा वाजता तिचं खातं बंद झालं तर पहाटेची औषधं ती सिस्टीममध्ये नोंदवणार कशी? हा मुद्दा मेट्रन मॅडमनी काढला, माझ्या डोक्यात तो कधीच आला नसता कारण मी नाइट करत नाही. तेव्हा शिफ्ट ड्यूटीवाल्या पदांसाठी मुदत दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत. कायम स्टाफसाठी शून्य, म्हणजे मुदतच नाही. आणि काँट्रॅक्टचं पद आहे पण तारीख आलीच नाही तर? तर पलीकडची जुनी तारीख तशीच ठेवायची आणि ते नाव सकाळच्या रिपोर्टमध्ये एचआरला पाठवायचं. रिकाम्या तारखेचा अर्थ "मुदत नाही" असा लावला तर गेलेल्या माणसाचं खातं उघडं राहतं, आणि "आजच बंद" असा लावला तर कामावरचा माणूस अडतो. दोन्ही वाईट, म्हणून इथे मशीनने निर्णय घ्यायचाच नाही असं ठरलं.

खातं बंद करण्याच्या नियमावर मी सगळ्यात कडक होते. युजरअकाउंटकंट्रोल हे एकच ॲट्रिब्यूट, पण त्यात वेगवेगळे बिट्स, म्हणजे हो-नाहीच्या खुणा, मिळून एक आकडा होतो. साधं चालू खातं ५१२, बंद म्हणजे त्यात २ ची भर, ५१४. बऱ्याच ठिकाणी सरळ ५१४ लिहितात. पण ज्या खात्याला पासवर्ड एक्सपायर होत नाही असा ६५५३६ चा बिट लावलेला आहे त्याचा आकडा ६६०४८ असतो, तो बंद करताना ६६०५० व्हायला हवा, ५१४ लिहिलं तर तो बिट गेला आणि परत चालू केल्यावर खातं आधीसारखं राहत नाही. म्हणून जुना आकडा वाचायचा, फक्त २ चा बिट लावायचा किंवा काढायचा, बाकीच्याला धक्का नाही.

यातली अट कशी लिहायची हे त्याहून मोठं. जुन्या स्क्रिप्टमध्ये होतं, स्टेटस "चालू" नसेल तर उडवा. आता एचआरमध्ये पगार थांबला की स्टेटस "चालू" राहत नाही. बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा संपल्यावर एका सिस्टरने पुढे बिनपगारी रजा वाढवून घेतली, रीतसर मंजूर झालेली, आणि तिचं खातं स्क्रिप्टने डिलीट केलं. ती परत आल्यावर त्याच नावाचं खातं पुन्हा बनवलं, पण एडीमध्ये प्रत्येक खात्याला स्वतःचा एसआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, असतो, नवीन खातं म्हणजे नवीन एसआयडी, सगळे ग्रुप, फोल्डरच्या परवानग्या, सगळं पहिल्यापासून. लहान बाळ घरी ठेवून कामावर आलेल्या बाईला आयटीच्या खोलीसमोर उभं राहावं लागलं, मला ते अजून बोचतं. म्हणून आता नियम होकारार्थी आहेत. "सेवा समाप्त" असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच बंद. रजा, बिनपगारी, निलंबन, कोरं, किंवा उद्या एचआरने आणलेला एखादा नवा कोड, यातल्या कशानेही खातं आपोआप जात नाही. निलंबनाचं मेडिकल सुपरिंटेंडेंट सरांकडून लेखी येतं तेव्हा हाताने करतो.

आणि डिलीट? डिलीटची अट सरळ "नाही". सिंक टूलच्या साफसफाईच्या फेरीत काय होतं, तर डेस्टिनेशनमधली एकेक नोंद घेऊन ती सोर्समध्ये सापडते का बघतात, नाही सापडली तर उडवायला पात्र. पण "सापडली नाही" ची कारणं किती असतात. सिंकच्या खात्याला एखादी शाखा वाचायची परवानगी नसेल तर ओपनएलडॅप बोंब मारत नाही, नोंद नाहीच असं वागतं. नर्सिंग कॉलेजची शाखा एखाद्या एसीएलच्या (वाचायच्या परवानगीच्या नियमाच्या) बदलामुळे दिसेनाशी झाली तर टूलच्या मते सगळं कॉलेज राजीनामा देऊन गेलं. मर्यादा पण आहेत, ओपनएलडॅप वेगळं सांगितलं नाही तर एका शोधाला ५०० नोंदींवर थांबतं, आणि एडी पेजिंग (नोंदी टप्प्याटप्प्याने घेणं) मागितलं नाही तर १००० वर. आमचा स्टाफ त्याच्या पुढे आहे, त्यामुळे सिंकच्या खात्यासाठी मर्यादा वाढवून घेतली आणि एडीकडे पेजिंग लावलं. तरीही डिलीट बंदच. सेवा समाप्त झालेली खाती बंद होऊन वेगळ्या ओयूमध्ये, म्हणजे डिरेक्टरीतल्या वेगळ्या कप्प्यात, जातात आणि तिथून काढायचं काम माणूस करतो, यादी बघून, एचआरची सही घेऊन.

हे सगळं लिहून झाल्यावर ड्राय रन. कमांडला डॅश एन लावलं की टूल सगळे नियम चालवतं, पण लिहीत काहीच नाही, काय बदललं असतं ते एलडिफ नावाच्या साध्या मजकुराच्या रूपात दाखवतं. ते आम्ही वाचलं, अक्षरशः वाचलं, मी आणि माझा ज्युनियर शेजारी बसून. काही ओळींमध्ये ॲट्रिब्यूटच्या नावापुढे एकाऐवजी दोन कोलन आणि मग निरर्थक दिसणारी अक्षरं होती, तो घाबरला, मग त्याला सांगितलं की एलडिफमध्ये साध्या इंग्रजी अक्षरांपलीकडचं काही असलं की ते बेस६४ या सांकेतिक रूपात लिहितात, उलगडून बघ. उलगडलं तर "परिचर्या विभाग" निघालं, कारण ट्रस्टने काही विभागांची नावं देवनागरीत भरून घेतलेली आहेत. मोबाइल पुसल्याच्या ओळी एका बाजूला काढून त्या मेट्रन मॅडमकडे पाठवल्या, त्यांनी पेनने खुणा करून चार-पाच नावांपुढे लिहिलं, हिला विचारलंय, हिचा चालेल, फॉर्म येतोय. म्हणजे संमतीचे फॉर्म आधी, सिंक नंतर. कोणाचाही गरजेचा नंबर अचानक गायब झाला असं व्हायला नको होतं.

खऱ्या फेरीसाठी शनिवारची रात्र घेतली. रविवारी ओपीडी बंद, बिलिंग कमी, आणि त्या रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असल्याने एरवी येणारे ऑफिसवालेही येणार नव्हते. आधी फक्त आयटीची शाखा, मग नर्सिंग, मग बाकी. एडीचे दोन डोमेन कंट्रोलर, म्हणजे एडी चालवणारे सर्व्हर, आहेत आमच्याकडे, सिंकला मुद्दाम त्यातला एकच ठरवून दिला, कारण एकावर लिहिलं आणि दुसऱ्यावरून वाचलं तर रेप्लिकेशनने बदल तिकडे पोचायच्या आत जुनीच व्हॅल्यू दिसते आणि एक्स्टेंशनसारखे तुलनेवर चालणारे नियम गोंधळतात. लगेच दुसरी फेरी चालवली. माझ्या मते खरी परीक्षा ही दुसरी फेरी. सोर्समध्ये काही बदललेलं नसताना ती एकही बदल करायला नको. काही नोंदींवर ती तेच तेच परत लिहू बघत होती, बघितलं तर सोर्समधल्या विभागाच्या नावाच्या शेवटी स्पेस होती आणि एडीमध्ये ती स्पेस नव्हती, प्रत्येक वेळी तुलना चुकणार. नियमात स्पेस छाटून टाकली, पुन्हा फेरी, आणि लॉग शांत.

सोमवारी ऑपरेटर काकांनी मुद्दाम दोन एक्स्टेंशन बदलून ठेवली आणि मंगळवारी सकाळी फोन करून सांगितलं, "आहेत हो मॅडम, जाग्यावर आहेत." मेट्रन मॅडमकडून आता संमतीचे फॉर्म येतात तसेच परत घेतल्याचेही येतात, आणि परत घेणाऱ्याला कोणी कारण विचारत नाही.

रेसिडेंट डॉक्टरांचं मात्र अजून राहिलंय. त्यांची पोस्टिंग एका युनिटमधून दुसऱ्यात बदलत राहते, एचआरकडे त्यांचा मूळ विभागच असतो आणि आज कुठे आहेत हे फक्त त्या त्या युनिटच्या रजिस्टरमध्ये. विभागाच्या कोडवर चालणारा एक्स्टेंशनचा नियम त्यांना लावण्यात अर्थ नाही, आणि पोस्टिंगचा मालक कोण हे ठरल्याशिवाय नवा नियम लिहिण्यातही नाही. तूर्त त्यांच्यासाठी टेलिफोनचं ॲट्रिब्यूट सिंकमधून वगळलंय, काका हाताने भरतायत. नवीन बॅच यायच्या आत रजिस्टर कोणाच्या ताब्यात आणि कोणत्या रूपात आमच्याकडे येणार ते ठरवायला मेडिकल सुपरिंटेंडेंट सरांकडे वेळ मागितली आहे.